प्रेरणेचा प्रश्न आणि गायतोंडे यांची चित्रे : मर्ढेकरांच्या संदर्भात

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि अधिवेशननगराच्या सजावटीचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोपविले होते. परिसरात सहज मिळेल तेच साहित्य वापरावे, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यानुसार बांबू, गवत, चटया अशा साध्या वस्तूंमधून तेथील रचना उभी राहिली. कलेचा उगम कोठे शोधावा, या प्रश्नाला दिलेले ते एक उत्तर होते : भोवतालच्या जीवनात, तेथील माणसांच्या हातकौशल्यात आणि वस्तूच्या उपयोगात.

फैजपूरचे नाव बहुतेकांना या अधिवेशनामुळे ठाऊक असते. परंतु मराठी साहित्यविचाराच्या दृष्टीने या गावाचा आणखी एक संदर्भ आहे. बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी फैजपूर येथे झाला. अधिवेशनानंतरच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्यांचे ‘आर्ट्‌स अँड मॅन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर सिद्धान्ताचा डोलारा उभा करण्याचे कारण नाही. मात्र कलेच्या उगमाविषयीची परस्परांपासून अगदी दूरची दोन उत्तरे एकाच गावाच्या नावाशी निगडित असावीत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सौंदर्याचा अनुभव हा स्वायत्त असतो. व्यवहार, नीती, ज्ञान यांच्या निकषांवर त्याचे मोजमाप होऊ शकत नाही, अशी मर्ढेकरांची भूमिका होती. पुढे ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संकलित झालेल्या विवेचनात त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन लयतत्त्वे मांडली आणि ऐंद्रिय संवेदनांची या तत्त्वांनुसार झालेली संघटना म्हणजेच कलाकृतीचा घाट, असे प्रतिपादन केले. साहित्याच्या बाबतीत त्यांना ‘भावनात्मक अर्थ’ हे माध्यम कल्पावे लागले, आणि तेथूनच त्यांच्या सिद्धान्तापुढील अडचणींना प्रारंभ झाला. चित्रकलेच्या बाबतीत अशी अडचण नव्हती. चित्रात काय दाखविले आहे याला सौंदर्यदृष्ट्या दुय्यम स्थान आहे, रंग आणि रेषा यांचे परस्परसंबंध हेच प्रमुख, ही भूमिका क्लाइव्ह बेल आणि रॉजर फ्राय यांच्या विचारांच्या जवळ जाणारी होती.

याचा अर्थ असा की, मराठीत वस्तुनिरपेक्ष चित्रकलेची मीमांसा आधी आली आणि त्या मीमांसेला साजेशी चित्रे नंतर आली. मर्ढेकरांचे निधन २० मार्च १९५६ रोजी झाले. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांतून मानवी आकृती नाहीशी होऊ लागली, ती याच सुमारास. म्हणजे ज्या चित्रांवर आपला सिद्धान्त पारखून घेता आला असता, ती मर्ढेकरांच्या नजरेस पडण्याचा संभव नव्हता. पण नंतरच्या समीक्षेपुढे तर दोन्ही होते. तरीही ही पारख क्वचितच झाली. गायतोंडे यांच्याविषयीच्या लेखनावर वर्चस्व राहिले ते एका निराळ्याच परिभाषेचे : मौन, ध्यान, शून्य, झेन. ही परिभाषा सर्वस्वी चुकीची नाही. पण तिने नेमके काय झाकले गेले, हा या लेखाचा विषय आहे.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. बालपण गोव्यात आणि मुंबईच्या गिरगावात गेले. १९४८ मध्ये त्यांनी सर जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. शंकर पळशीकर यांच्यासारख्या शिक्षकांमुळे भारतीय लघुचित्रांच्या परंपरेचा अभ्यास त्या काळी जे. जे. मधील विद्यार्थ्यांना अपरिचित नव्हता. गायतोंडे यांच्या आरंभीच्या चित्रांत सपाट रंगक्षेत्रे, ठळक बाह्यरेषा आणि खोलीचा आभास टाळणारी मांडणी दिसते, तिचे मूळ या अभ्यासात आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपशी त्यांचा पुढे संबंध आला. (मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रहही १९४७ चाच. मराठी नवकाव्य आणि मुंबईतील नवचित्रकला यांचा एकत्रित इतिहास लिहिण्यास एवढे एक साल पुरेसे नाही, परंतु तो लिहिला गेला पाहिजे.) मात्र सूझा किंवा हुसेन यांच्याप्रमाणे मनुष्याकृतीच्या विरूपणातून नवतेकडे जाण्याचा मार्ग गायतोंडे यांनी अवलंबिला नाही. पन्नासच्या दशकात त्यांना पॉल क्लेच्या चित्रांनी आकर्षून घेतले आणि तेथे त्यांना सापडली ती रेषा : वस्तूचे वर्णन करण्याच्या जबाबदारीतून मोकळी झालेली, स्वतःच्या गतीने चालणारी.

हा टप्पा जितक्या तपशिलाने पाहावा तितका थोडा. लघुचित्रातील बाह्यरेषा रंगक्षेत्राला कुंपण घालते. क्लेची रेषा असे कुंपण घालीत नाही, ती क्षेत्रातून हिंडते. गायतोंडे यांच्या या वर्षांतील चित्रांत दोन्ही प्रकारच्या रेषा शेजारी शेजारी नांदताना दिसतात आणि हळूहळू पहिलीचा लोप होत जातो. आकृती गेली ती कुठल्या साक्षात्काराने एका दिवसात गेली नाही. बाह्यरेषेचे काम संपत गेले, तसतशी ती विरत गेली. प्रेरणास्रोतांचा शोध घेणारी समीक्षा बहुधा चित्रकाराने काय वाचले, कोणाच्या प्रवचनाला तो गेला, याकडे वळते. येथे तर स्रोत चित्रफलकावरच आहे. एका प्रकारच्या रेषेने दुसऱ्या प्रकारच्या रेषेला हटविले, ही घटना डोळ्यांनी पाहता येते.

१९५७ मध्ये तोक्यो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात गायतोंडे यांना पारितोषिक मिळाले. मुंबईत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करीत असत. चित्रकार, संगीतकार, नाट्यकर्मी यांचा तेथे राबता असे. १९६३ मध्ये अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्‌ज यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि न्यूयॉर्कमधील एका कलादालनाकडे त्यांची मुक्तकंठाने शिफारस केली. १९६४-६५ मध्ये तिसऱ्या जॉन डी. रॉकफेलर यांच्या निधीच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कमध्ये होते. या मुक्कामामुळे मार्क रॉथ्कोचे नाव त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. ही जोड फारशी उपयुक्त नाही. रॉथ्कोच्या प्रौढ चित्रांत रंगाचे मोठे, मऊ कडांचे आयत परस्परांवर तोललेले असतात. पाहणाऱ्याला ते वेढून टाकतात. गायतोंडे यांच्या चित्रात असे आयत नाहीत. तेथे एक रंगपृष्ठ आहे, आणि त्या पृष्ठाच्या आतून वर आलेल्या, अर्धवट पुसलेल्या खुणा आहेत. शिवाय न्यूयॉर्कला जाण्यापूर्वीच ते रोलर आणि सुरी यांच्या साहाय्याने काम करू लागले होते.

या रोलरपाशी थांबणे आवश्यक आहे. रोलर हे रंगाऱ्याचे, मुद्रकाचे साधन. चित्रकाराच्या मनगटातील ऐट त्यात उतरत नाही. रोलरने रंगाचा पातळ थर कॅनव्हासवर पसरायचा, सुरीने तो काही ठिकाणी खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. पुढे सत्तरच्या दशकात यात आणखी एका कृतीची भर पडली. कागदाचे फाडलेले तुकडे रंगावर दाबायचे आणि उचलून घ्यायचे. कागद रंग सोडतो, शोषतोही. मागे राहतो तो ठसा कोणी काढलेला नसतो. म्हणजे या चित्रांच्या घडणीत रंग चढविण्याइतकेच महत्त्व रंग उतरविण्याला आहे. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत. उरलेला काळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई. ही संथ गती अनेकांना विरक्तीचे लक्षण वाटते. ओल्या थराला सुकू देणे हा तिचा एक अगदी साधा भाग आहे.

आता या चित्रांना मर्ढेकरांची लयतत्त्वे लावून पाहिली, तर काय दिसते? दोन गोष्टी सिद्धान्ताच्या बाजूने जातात. गायतोंडे स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणत नसत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, हा शब्द त्यांना अधिक योग्य वाटे. अमूर्तीकरणात एखाद्या मूर्त वस्तूपासून दूर जाणे गृहीत असते. येथे दूर जाण्याजोगी वस्तूच आरंभी नसते. चित्रातील दृश्यविषय हा सौंदर्यदृष्ट्या अप्रस्तुत, हे मर्ढेकरांचे म्हणणे इतक्या काटेकोरपणे अमलात आणणारा चित्रकार दुसरा शोधावा लागेल. दुसरे असे की, १९६८ च्या सुमारास आडव्या फलकाऐवजी उभा फलक आल्यावर क्षितिजाचा, पर्यायाने निसर्गदृश्याचा, उरलासुरला संकेतही बराच मावळला आणि समतोलाचा प्रश्न अधिक अवघड झाला. वर-खाली तोल साधणे हे डावे-उजवे तोल साधण्याहून कठीण, कारण खालचा भाग डोळ्याला आपोआप जड वाटतो. गायतोंडे यांच्या अनेक फलकांत खुणांचे पुंज मध्याच्या आसपास तरंगत राहतात, ते या अडचणीला दिलेले उत्तर आहे.

परंतु सिद्धान्ताची मर्यादाही येथेच उघड होते. संवाद किंवा विरोध यांसाठी किमान दोन सुट्या संवेदना लागतात : हा रंग आणि तो रंग, ही रेषा आणि ती रेषा. गायतोंडे यांच्या प्रौढ चित्रात संवेदना अशा सुट्या करता येत नाहीत. एखाद्या पिवळ्याखाली करडा असतो, त्याखाली आणखी काही. डोळ्याला जाणवतो तो त्यांचा एकत्रित परिणाम. संबंध शेजारच्या दोन घटकांमध्ये नाही, एकाखाली एक असलेल्या थरांमध्ये आहे. खाली गेलेला थर ही आधी घडलेली कृती असते. म्हणून येथील लय केवळ अवकाशातील नसून काळातील आहे. मर्ढेकरांच्या मीमांसेत तयार कलाकृतीची संघटना आहे, ती घडण्याचा काळ नाही. निर्मितिप्रक्रियेविषयी त्यांनी ‘आत्मनिष्ठा’ ही संकल्पना ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) मध्ये मांडली, पण ती लेखकाच्या अनुभवाशी असलेल्या इमानाविषयी आहे; माध्यमाशी चाललेल्या झटापटीविषयी नाही. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव कल्पून सौंदर्यविचारातील ताण उलगडून दाखविला. हाताने केलेले काम या दोन ध्रुवांपैकी कोठे बसवावे, हा प्रश्न त्या मांडणीपुढेही उपस्थित करता येतो.

मग अध्यात्माचे काय? गायतोंडे यांना झेनविषयी खोल आस्था होती. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांशीही त्यांचे नाते होते. हे नाकारण्याचे कारण नाही. १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले, निजामुद्दीनमधील एका बरसातीत राहिले, माणसांत मिसळणे त्यांनी कमी कमी करीत नेले. या एकांतवासाची दंतकथा झाली आणि दंतकथेने चित्रांची जागा घेतली. २०१३ मध्ये मुंबईतील क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे १९७९ चे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले, तेव्हा तर ‘मौनी साधक’ या प्रतिमेला बाजारमूल्यही प्राप्त झाले. बाजाराला गूढ नेहमीच मानवते. वास्तविक १९९१ मध्ये प्रीतीश नंदी यांच्याशी बोलताना गायतोंडे यांनी मौनाविषयी जे सांगितले, ते फार नेमके होते. सर्व काही मौनातून सुरू होते असे म्हणून त्यांनी लगेच ते मौन कोणाचे, हेही सांगितले : कुंचल्याचे, कॅनव्हासचे, सुरीचे. मौन हा शब्द उचलून धरणाऱ्यांनी पुढची तीन नामे मात्र सोडून दिली. चित्रकार ज्या शांततेविषयी बोलत होता, ती त्याच्या अवजारांची होती.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये संदीपनी नव्हे, संधिनी पोद्दार यांनी सिद्ध केलेल्या प्रदर्शनाच्या शीर्षकात चित्र ही प्रक्रिया आणि चित्र हेच जीवन, अशी जोडी होती. मराठीत सतीश नाईक यांच्या संपादनाखाली ‘चिन्ह’ने २०१६ मध्ये ‘गायतोंडे’ हा ग्रंथ काढला आणि आठवणींचे मोठे भांडार उपलब्ध करून दिले. सुनील काळदाते यांचा १९९५ चा अनुबोधपटही आहे. म्हणजे साधनांचा अभाव आता राहिलेला नाही. उणीव आहे ती चित्रातील कृतीला शब्द देणाऱ्या परिभाषेची. ‘थर’, ‘ठसा’, ‘खरवड’ हे शब्द मराठीत रोजच्या वापरातले आहेत. समीक्षेने त्यांना अद्याप संकल्पनेचा दर्जा दिलेला नाही. कवितेच्या हस्तलिखितातील खोडाखोडीकडे पाहतानाही हे शब्द उपयोगी पडू शकतील, आणि मर्ढेकरांच्या कवितेपासून त्याचा आरंभ करणे अनुचित ठरणार नाही.

१९८४ मध्ये गायतोंडे यांना गंभीर अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे, रोलर चालविणे काही काळ अशक्य झाले. १९८५ ते १९८७ या वर्षांत त्यांनी कागदावर शाईने लहान लहान रेखाटने केली. या चित्रांत थर नाहीत, पुसणे नाही, उतरविणे नाही. शाई एकदा पडली की पडली. प्रेरणा केवळ अंतर्यामीच्या मौनात असती, तर माध्यम बदलल्यावरही तेच मौन निराळ्या आकारात पुढे आले असते. प्रत्यक्षात पुढे आली ती रेषा, पन्नासच्या दशकात क्लेच्या सोबतीने मोकळी झालेली आणि नंतर रंगाच्या थरांखाली दिसेनाशी झालेली. कागद हाताएवढा झाल्यावर ती पुन्हा वर आली. या रेखाटनांतील काही खुणा एखाद्या लिपीतील अक्षरांसारख्या दिसतात. त्या ओळीत मांडलेल्या आहेत असा भास होतो, पण वाचता येत नाहीत.