घोड्याआधीचा रथ

गाढव म्हटले की आपल्याला उकिरडा आठवतो, कुंभाराची माती आठवते. रथ काही आठवत नाही. पण उर नगरीच्या राजस्मशानात लिओनार्ड वूलीला सापडलेला साडेचार हजार वर्षांपूर्वीचा चित्रफलक पाहावा. त्यावर युद्धरथ दौडत आहेत आणि त्यांना जुंपलेली जनावरे घोडे नव्हेत. पाळीव घोडा त्या मुलखात यायला अजून सुमारे पाचशे वर्षे होती!

मग ती कोण? सुमेरी मृत्तिकालेखांत ‘कुंगा’ नावाचे जनावर येते. गाढवाच्या सहापट किमतीचे. विद्वानांनी पुष्कळ तर्क लढवले. शेवटी उत्तर सीरियात उम्म-एल-मर्रा येथे मानाने पुरलेल्या जनावरांच्या हाडांनीच २०२२ साली साक्ष दिली : आई पाळीव गाढवीण, बाप सीरियाचा रानगाढव. अश्वकुळात असे संकर होतात, पण संतती बहुधा वांझ. म्हणजे कुंग्यांची पैदास चालू ठेवायची तर रानातला तो वाऱ्यासारखा नर पुन्हा पुन्हा धरून आणणे आले! निनवेच्या शिल्पांत रानगाढवाला फास टाकणारी माणसे दिसतात. काम सोपे नव्हते.

घोडा आला आणि कुंगा संपला. बाप मात्र रानात उरला होता. पुढे बंदुकीने त्याचीही वाताहत केली. १९२९च्या सुमारास सीरियाचा शेवटचा रानगाढव व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याचा भाऊबंद घुडखर कच्छच्या छोट्या रणात आहे. २०२४च्या गणनेत ७,६७२ भरले.