दुखण्याची भाषा

बर्लिन शहरांतील एखाद्या तुर्की गृहिणीचें मन खचलें, झोंप उडाली, नवऱ्याशीं पटेनासें झालें, आणि हें सर्व तुर्की भाषा जाणणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाजवळच बोलावें असें तिला वाटलें, तर तिचा शोध आजही सहजासहजीं संपत नाहीं. वाचकांस प्रथमदर्शनीं हा हट्ट वाटेल. जर्मनांच्या देशांत राहावयाचें, जर्मन विम्यावर औषध घ्यावयाचें, मग दुःख तेवढें जर्मन भाषेंत सांगावयास हरकत काय? आम्हांसही प्रारंभीं तसेंच वाटलें होतें. परंतु या शोधाची साठ वर्षांची हकीगत पाहूं लागल्यावर आमचें मत पालटलें; तें कां पालटलें हें सांगण्याचा येथें विचार आहे.

ता. ३० ऑक्टोबर १९६१ रोजीं पश्चिम जर्मनी व तुर्कस्थान यांच्यांत मजूरभरतीचा करार झाला. महायुद्धानंतर जर्मनीचे कारखाने भरधांव चालूं लागले होते, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत बर्लिनची भिंत उभी राहिल्यामुळें पूर्वेकडून येणारे कामकरी बंद झाले होते. जर्मनांनीं इस्तंबूल येथें भरतीची कचेरी उघडली. तेथें उमेदवारांचे दांत, फुप्फुसें, रक्त, मूत्र सर्व कांहीं तपासण्यांत येई. परक्या डॉक्टरांपुढें रांगेंत उघडें उभें राहण्याची लाज पुष्कळ जण जन्मभर विसरले नाहींत. जे पसंत पडत ते सिर्केजी स्थानकावर आगगाडींत बसत आणि दोन-तीन दिवसांच्या प्रवासानंतर म्यूनिकच्या मोठ्या स्थानकांत अकराव्या फलाटावर उतरत. मुदत प्रथम दोन वर्षांचीच होती. परंतु शिकवून तयार केलेला गडी दोन वर्षांनीं परत धाडणें कारखानदारांस परवडेना, म्हणून १९६४ मध्यें ती अट गळाली. ता. २३ नोव्हेंबर १९७३ रोजीं भरती बंद करण्यांत आली, तोंपर्यंत आठ लाखांहून अधिक तुर्की कामकरी या मार्गानें जर्मनींत आले होते. त्यांतील पुष्कळ परतले. जे राहिले, त्यांस आतां एकदां गांवीं गेल्यास पुन्हां येतां येणार नाहीं अशी धास्ती पडली, आणि त्यांनीं बायकामुलांस बोलावून घेतलें. सरकारनें भरती थांबविली ती संख्या कमी व्हावी म्हणून. तिचा परिणाम वस्ती कायम होण्यांत झाला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. या स्थलांतरांत पुरुषच पुढें गेले असें नव्हे. विजेचीं व रेडिओचीं यंत्रें जुळविण्याच्या नाजूक कामासाठीं कारखान्यांस बायकांचीं बोटें हवीं होतीं. म्हणून कित्येक घरांत बायको आधीं गेली आणि नवरा मागें राहिला. मुलें आजीआजोबांजवळ. वर्षानुवर्षें एकमेकांस पत्रांतून ओळखणारीं माणसें मग एके दिवशीं परक्या शहरांतील दोन खोल्यांत एकत्र आलीं. मिळवत्या बायकोस नवरा जुना वाटेना, नवऱ्यास बायको जुनी वाटेना, आणि मुलांस तर आईबाप हेच पाहुणे. ज्यास वैद्य पुढें नैराश्य व दांपत्यकलह अशीं दोन वेगळीं नांवें देऊं लागले, तें दुखणें या घरांत एकच होतें.

तुर्की भाषेंत या स्थितीस एक शब्द आहे: गुरबेत. परमुलूख, आणि परमुलखांतील पोरकेपण, हे दोन्ही अर्थ त्यांत येतात. हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूपासून आपला 'गरीब' शब्द आलेला आहे. अरबींत गरीब म्हणजे परका. तुर्कींत त्याचा अर्थ विचित्र, एकाकी असा झाला. आपल्याकडे येतां येतां तो निर्धन झाला. दुसरा शब्द 'सेव्दा'. युनानी वैद्यकांत शरीरांतील चार रसांपैकीं जें काळें पित्त, त्याचें हें नांव, आणि खिन्नतेचा रोग त्याच्या प्रकोपानें होतो अशी समजूत होती. आजच्या तुर्कींत सेव्दा म्हणजे प्रेम, आणि 'कारा सेव्दा' म्हणजे माणसास झुरवून टाकणारें प्रेम. मन खचणें व संबंध बिघडणें यांची गांठ भाषेनेंच अशी मारून ठेवलेली असल्यावर, ती सोडविणारास ती भाषा नको काय?

जर्मन डॉक्टरांपुढें हे कामकरी येऊं लागले ते मनाची तक्रार घेऊन नव्हे. पोट दुखतें, पाठ दुखते, छातींत आवळतें, सगळें अंग दुखतें. तपासणींत कांहीं सांपडेना. तेव्हां दवाखान्यांत एक कुचेष्टेचें नांव रूढ झालें: बॉस्फोरसचा रोग. लॅटिन पेहराव चढविल्यामुळें तें निदानासारखें दिसे, परंतु त्याचा अर्थ इतकाच कीं हीं माणसें कण्हण्याचें सोंग करतात. आम्हांस याचें नवल वाटतें तें एवढ्यासाठीं कीं, घराची ओढ हा रोग होऊं शकतो हें युरोपांत जर्मनभाषी वैद्यांनींच प्रथम लिहून ठेविलें होतें. योहान्नेस होफर यानें १६८८ मध्यें बाझेल येथें या व्याधीवर प्रबंध लिहिला आणि ग्रीक शब्द जोडून तिला 'नोस्टाल्जिया' हें नांव दिलें. त्यांत एका खेडवळ मुलीची हकीगत आहे: इस्पितळांत तिनें अन्न-औषध टाकलें, घरीं जावयाचें एवढेंच ती म्हणे, आणि घरीं नेल्यावर ती बरी झाली. पुढें तत्त्वज्ञ म्हणून नांवाजलेले कार्ल यास्पर्स यांनीं १९०९ मध्यें हायडेलबर्ग येथें आपला वैद्यकीचा प्रबंध घराच्या ओढीनें झुरणाऱ्या व त्या भरांत गुन्हा करून बसणाऱ्या अल्पवयी मोलकरणींवर लिहिला. आणि तुर्कांकडे पाहावें तर, एदिर्ने येथें सुलतान दुसरा बायझीद यानें १४८८ मध्यें बांधून पुऱ्या केलेल्या इस्पितळांत वेड्यांस आठवड्यांतून तीनदां गायन-वादन ऐकवीत असत, असें सतराव्या शतकांतील प्रवासी एव्लिया चेलेबी सांगतो. मनाचें दुखणें दोन्ही बाजूंस माहीत होतें. एकाचें म्हणणें दुसऱ्यास पोंचत नव्हतें, एवढेंच.

तें कां पोंचत नव्हतें, हें मराठी वाचकांस समजावून द्यावयास फार श्रम पडूं नयेत. आपण 'काळीज जळतें', 'आतडें तुटतें', 'पोटांत गोळा उठला' असें म्हणतों, आणि कोणी वैद्य त्यावरून आपलें पोट चिरीत नाहीं. तुर्की मनुष्यही 'काळीज जळतें' असेंच म्हणतो. आपण जी 'जिगर' म्हणतों तीच फारसींतून तिकडे 'जिएर' झालेली आहे. आपल्याकडे बेंबी सरकते, तशी अनातोलियाच्या खेड्यांतही सरकते, आणि ती जागेवर बसविणाऱ्या जाणत्या बायका तेथेंही असतात. 'डोक्यास गारठा झाला' म्हणजे तुर्कींत डोकें फिरलें. हें वाक्य शब्दशः जर्मन केल्यास वैद्य पडशाचें औषध देईल, आणि त्यांत त्याचाही दोष नाहीं.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे. जर्मन भाषेंत 'श्वेगरिन' या एका शब्दांत आपली जाऊ, नणंद, मेहुणी व भावजय सर्व येतात. तुर्कींत जाऊ ती एल्ती, नणंद ती ग्योरुमजे, मेहुणी ती बाल्दिझ. साडूसदेखील 'बाजानाक' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि मावशी व आत्या यांची गल्लत तिकडे कोणी करीत नाहीं. आतां एखादी स्त्री म्हणाली, 'माझ्या एल्तीनें माझें घर फोडलें', आणि दुभाष्यानें 'श्वेगरिननें' असें सांगितलें, तर एका चुलीभोंवतीं नांदणाऱ्या दोन जावांची, त्यांच्यावरील सासूची आणि कोणाचा नवरा अधिक पैसे धाडतो या हिशेबाची सारी कथा त्या एका शब्दांत बुडाली. आमच्या वाचक भगिनींस याहून अधिक सांगणें नलगे.

क्रियापदांचेंही तसेंच. 'गेल्दी' म्हणजे आला, मीं पाहिला. 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे. मराठींत जें काम 'म्हणे' करतो तें तुर्कींत प्रत्ययच करतो, म्हणून तें घाईच्या भाषांतरांत प्रथम गळतें. नवऱ्यानें दुसरीकडे घर केलें, आणि नवऱ्यानें दुसरीकडे घर केलें म्हणे, या दोन वाक्यांतील अंतर उपचार करणारास कळलें नाहीं, तर त्यानें उपचार कशावर करावा?

आणि दुभाषी तरी कोण? पहिल्या तीस वर्षांत इस्पितळाची झाडलोट करणारी एखादी तुर्की बाई हातांतील काम टाकून बोलावली जाई, नाहींतर शाळेंत जर्मन शिकलेलें रोग्याचेंच मूल. आई वैद्यास सांगते कीं तुझ्या बापाजवळ मला जगणें नको झालें आहे, आणि बारा वर्षांची मुलगी तें जर्मनींत सांगते. किंवा सांगत नाहीं, पोट दुखतें एवढेंच सांगते. त्या मुलीवर काय गुदरलें याचा विचार पुष्कळ उशिरां झाला.

इतिहासाची गंमत अशी कीं, दुभाषी घेऊन बोलण्याचा हा प्रसंग यापूर्वीं उलट्या बाजूनें येऊन गेला होता. १९३३ मध्यें हिटलरच्या राजवटीनें हांकून दिलेल्या अनेक जर्मन पंडितांस अतातुर्कच्या सरकारनें आश्रय दिला. त्याच वर्षीं ऑगस्टांत नव्यानें उघडलेल्या इस्तंबूल विश्वविद्यालयांत हे प्राध्यापक जर्मन किंवा फ्रेंचमध्यें बोलत आणि शेजारीं उभा असलेला सहायक तें तुर्कींत सांगे. कांहीं वर्षांत तुर्की शिकावी अशी अट त्यांच्या करारांत असे. सर्वांस ती साधली नाहीं. एर्न्स्ट रॉयटर यांस मात्र साधली. अंकारा येथें नगररचना शिकवितांना ते तुर्कींत व्याख्यानें देऊं लागले, आणि युद्धानंतर पश्चिम बर्लिनचे नगराध्यक्ष झाले. पुढें ज्या शहरांत तुर्कांची एवढी मोठी वस्ती झाली, त्याच्या या अध्यक्षांस तुर्की येत होती. ते १९५३ मध्यें वारले, भरतीच्या आठ वर्षें आधीं.

बोलण्यानें करावयाच्या उपचाराचा खर्च जर्मन आरोग्य-विमा १९६७ पासून देत आला आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञांचा धंदा १९९९ पासून स्वतंत्र कायद्याखालीं आला. परंतु कोणत्या भागांत विम्याचे किती तज्ज्ञ असावेत याचें प्रमाण लोकसंख्येवरून बांधलेलें आहे. त्यांतील किती जणांस तुर्की येते, हें त्या हिशेबांत बसत नाहीं. शिवाय २०१२ पर्यंत परवान्यासाठीं सामान्यतः जर्मन किंवा युरोपीय नागरिकत्व लागे, म्हणून तेथेंच वाढलेल्या तुर्की पदवीधरासही तो सुखासुखी मिळत नसे. दुभाष्याचा खर्च हा वैद्यकीय उपचाराचा भाग नव्हे, असें कासेल येथील वरिष्ठ सामाजिक न्यायालयानें १९९५ मध्यें ठरविलें होतें. २००८ मध्यें त्याच न्यायालयानें विमेदारास मातृभाषेंतील मानसोपचार मागण्याचा हक्क नाहीं असाही निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत तर्क आहे. आज तुर्कीस दिलें तर उद्यां दुसऱ्या शंभर भाषांस काय सांगावयाचें? तथापि हाड मोडलेल्या रोग्याचें मौन आणि मन मोडलेल्याचें मौन एकाच मापानें मोजलें गेलें, ही गोष्ट आम्हांस पटत नाहीं. २०२१ च्या आघाडी सरकारनें दुभाष्याचा खर्च विम्यांत घेण्याचें वचन दिलें, आणि २०२४ मध्यें ती आघाडीच मोडली.

मधल्या काळांत कामें झालीं नाहींत असें नाहीं. जर्मनींत वाढलेल्या तुर्की वंशाच्या स्त्रीपुरुषांतून मानसोपचारतज्ज्ञ निघूं लागले. तुर्की वंशाच्या तरुण मुलींत आत्महत्यांचें प्रमाण जर्मन मुलींहून अधिक आहे असें दिसून आल्यावर, बर्लिनच्या शारिते रुग्णालयांतील मेर्येम शूलर-ओजाक यांच्या पुढाकारानें २०१० मध्यें एक मोहीम निघाली. जीव संपवूं नका, मौन संपवा, असें तींत तुर्की व जर्मन दोन्ही भाषांतून सांगितलें होतें, आणि दूरध्वनीवर तुर्कींत बोलणारें माणूसही ठेविलें होतें.

मात्र प्रत्येक तुर्की रोग्यास तुर्कीच वैद्य हवा असतो, असें समजणें ही दुसरी चूक. वस्ती लहान, ओळखी दाट. आपली गोष्ट मशिदीच्या अंगणांत किंवा चहाच्या दुकानांत पोंचेल या भयानें कित्येक जण मुद्दाम जर्मन तज्ज्ञ शोधतात. कांहीं गोष्टी अशाही असतात कीं, त्यांस आईच्या भाषेंत लाजच फार, आणि परक्या भाषेंत त्या निर्विकारपणें सांगतां येतात. तिसऱ्या पिढीचीं मुलें तर बापावरील राग जर्मनींत बोलतात आणि आजीचें मरण तुर्कींत. अशा रोग्यांस दोन्ही भाषांत ये-जा करणारा ऐकणारा लागतो, आणि तो सर्वांत दुर्मिळ.

१९६१ सालीं विशीं-पंचविशींत असलेले ते कामकरी आतां ऐशींच्या पुढें गेले आहेत. त्यांतील ज्यांस स्मृतिभ्रंशानें गांठलें, त्यांच्या बाबतींत पुष्कळदां असें होतें कीं, मागाहून शिकलेली जर्मन आधीं जाते. फलाट, कारखाना, मालकाचें नांव, सगळें तिच्याबरोबर जातें, आणि बोलावयास तुर्की तेवढी उरते. बर्लिन, कोलोन, फ्रांकफुर्ट येथील वृद्धांचीं निवासस्थानें सध्यां तुर्की बोलणाऱ्या परिचारिका शोधीत आहेत.