उच्चारित शब्द, ख्रिस्ती प्रार्थनेतील

ख्रिस्ती श्रद्धेत प्रार्थना, शास्त्रवाचन, कबुली, आशीर्वाद आणि साक्ष या रूपांनी तोंडून निघालेल्या शब्दाला दिलेले स्थान. प्रस्तुत नोंद मुख्यतः पुणे शहर, केडगाव आणि मराठी मंडळ्यांपुरती आहे.

शास्त्राधार : उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि सृष्टी घडते. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ शब्दापासून होतो. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात अंतःकरणातला विश्वास आणि मुखाची कबुली जोडीने येतात. बाप्तिस्मा देताना पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाचा उच्चार बहुतेक पंथांत अनिवार्य असतो. याउलट मत्तयाच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो या समजुतीवर टीका आहे. सामर्थ्य देवाचे, ध्वनीचे नव्हे, हे बहुतेक पंथ मान्य करतात. मात्र प्रार्थना मोठ्याने म्हणावी की मनात, याबद्दल प्रत्येक मंडळीची रीत वेगळी आहे.

मंडई परिसर : पुण्यातील आजची महात्मा फुले मंडई १८८६ साली रे मार्केट म्हणून उभी राहिली. त्याच सुमारास मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय बांधले गेले (१८८५). ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील अँग्लिकन संन्यासी आणि वाँटेजच्या सिस्टर्स यांनी हे मिशन चालवले. येथील उपासना प्रार्थनापुस्तकाप्रमाणे चाले. पापांगीकार सर्वांनी मिळून म्हणायचा, स्तोत्रांच्या ओळी आलटून पालटून घ्यायच्या, पाळकाच्या विनंतीला मंडळीने ठरलेले उत्तर द्यायचे. वाचता न येणाऱ्यालाही रविवारमागून रविवार कानावर पडून सगळी उपासना पाठ होई, हे या पद्धतीचे मोठेच बळ. पेठेतल्या मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना त्यातून एक सामायिक प्रार्थनाभाषा मिळाली, आणि ती चर्चच्या भिंतींबाहेर घरच्या सायंप्रार्थनेतही उतरली. नीलकंठशास्त्री गोरे (नेहेम्या गोरे) यांचा या मिशनशी संबंध होता. १९७० पासून हे देवालय उत्तर भारतीय चर्चमध्ये (सी.एन.आय.) आहे.



केडगावचे संजीवन, म्हणजे धर्मजागृती (१९०५) : पुणे जिल्ह्यातील मौखिक प्रार्थनेच्या इतिहासात याहून महत्त्वाची घटना नाही आणि तिच्याविषयी लिखित पुरावाही भरपूर आहे.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे बालपण पुराणिकाच्या घरात गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून संस्कृत पुराणे मोठ्याने वाचत असे. देवळाच्या सभामंडपात किंवा नदीकाठी, लक्ष वेधेल अशा स्वरात हे वाचन चाले. श्रोत्यांना संस्कृत कळत नसे, पण नुसत्या श्रवणाने पुण्य लागते या भावनेने ते दक्षिणा ठेवत. पुढे ‘माझी साक्ष’मध्ये रमाबाईंनी हे सारे तपशिलाने सांगितले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्यात आले. दुष्काळातल्या मुलींना घेऊन रमाबाईंनी पुण्यापासून सुमारे ६० कि.मी.वर केडगावला मुक्ती सदन वसवले, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

वेल्समधील संजीवनाच्या बातम्या येत असताना, जानेवारी १९०५ मध्ये, रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. मुक्तीच्या वृत्तांतानुसार आरंभी सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहातील एका मुलीला आपल्या सोबतिणीला ज्वाळांनी वेढलेले दिसले. ती धावत पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तोच लक्षात आले की आग लागलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मुली रडू लागल्या, मग एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. आवाज इतका वाढला की रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. हा क्षण नीट लक्षात घ्यायला हवा. विदुषीचे प्रवचन थांबले आणि ज्यांना आजवर कोणी बोलायला सांगितले नव्हते अशा अनाथ, विधवा मुली स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलू लागल्या. पुढे त्यांची प्रार्थनापथके आसपासच्या गावांत जाऊ लागली.

एकत्र, मोठ्या आवाजातल्या या प्रार्थनेवर काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी गोंगाट म्हणून टीका केली. पवित्र आत्म्याला इतर देशांतील ख्रिस्ती लोकांमध्ये जे स्वातंत्र्य आहे ते भारतीयांमध्ये का असू नये, अशा अर्थाचा प्रश्न करून रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी ख्रिस्ती विचारातील ही सर्वांत निर्भीड भूमिकांपैकी एक आहे.

१९०६ पासून काही मुली अन्य भाषा, म्हणजे कधी न शिकलेली वाणी, बोलत असल्याचे वृत्तांत आहेत. दौंडच्या अनाथाश्रमाचे आल्बर्ट नॉर्टन यांनी इंग्रजी न येणारी मुलगी इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहिले आहे. या वृत्तांतांच्या स्वरूपाविषयी मतभेद आहेत. रमाबाईंनी अन्य भाषांचा निषेध केला नाही. पण आत्म्याच्या बाप्तिस्म्याची तीच एक खूण, असेही मानले नाही. न कळणाऱ्या संस्कृत पठणापासून दूर आलेल्या बाईंसमोर न कळणारी वाणी पुन्हा उभी राहिली होती. बोलणाऱ्याच्या पुढच्या वर्तनात फळ दिसते का, ही त्यांची कसोटी होती.

मुक्तीतील सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर इंग्रजी पुस्तिका लिहिली. ती चिलीतील वाल्पाराइसो येथे मिशनरी हूव्हर दांपत्याकडे पोहोचली आणि १९०९ च्या तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला प्रेरक ठरली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सभा एप्रिल १९०६ मधल्या, म्हणजे केडगावनंतरच्या. पेंटेकॉस्टल इतिहासाचा उगम केवळ अमेरिकेत शोधणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये.

गायन व कीर्तन : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (रायतूर, १६१६) ओवीबद्ध असून गोव्यात चर्चमधून मोठ्याने वाचले जाई. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांनी व भजनांनी प्रार्थनेला वारकरी वळण दिले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा मोठा वाटा आहे.

कॅथलिक परंपरा : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक घटनेनंतर (१९६३) लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा आली. घरी रोज सायंकाळी जपमाळ म्हणतात.

अलीकडचे प्रवाह : उपासप्रार्थना, घरसभा आणि आजाऱ्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना स्वतंत्र मंडळ्यांत प्रचलित आहे. विश्वासाने तोंडून काढलेला शब्द आरोग्य वा समृद्धी घडवून आणतो ही शिकवण अमेरिकेतील ई. डब्ल्यू. केन्यन व केनेथ हेगिन यांच्याकडून आली. जुन्या मंडळ्यांतील अनेक पाळकांना ती मान्य नाही.

रमाबाईंचे भाषांतर : आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणले. अल्पशिक्षित बायांना ऐकताच कळावे हा हेतू. मजकुराचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.