कलपाच्या पुडीमागची कहाणी

चाळीसगावातल्या कुठल्याही किराणा दुकानात गेलात, तर शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी काळ्या मेंदीच्या आणि कलपाच्या पुड्यांची माळ टांगलेली दिसेल. लग्नसराईत ही माळ भराभर रिकामी होते. हळदीच्या आदल्या रात्री घरोघरी वाटीत पूड कालवली जाते, जुना टूथब्रश शोधला जातो, खांद्यावर जुनेर पांघरलं जातं. पुडीच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत काही ओळी छापलेल्या असतात. त्या सहसा कोणी वाचत नाही. त्या ओळी तिथे आल्या कशा, हे आज मला सांगायचं आहे.

पांढरे केस काळे करण्याची हौस आजची नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात ग्रहताऱ्यांबरोबर पाऊसपाणी, घरबांधणी, रत्नं अशा कितीतरी विषयांवर लिहिलं. त्यातलं सुगंधी द्रव्यांवरचं प्रकरण सुरू होतं ते कलपापासूनच. डोकं पांढरं असेल तर फुलं, अत्तरं आणि दागिने शोभत नाहीत, म्हणून आधी केसांकडे बघा, असं त्याचं म्हणणं. त्याची कृती अशी : लोखंडी भांड्यात कोद्रवाचे, म्हणजे हरकाचे दाणे आंबट द्रवात लोखंडाच्या चुऱ्यासह शिजवायचे, त्याचा लेप डोक्याला लावायचा आणि वर ओली पानं बांधायची. दोन प्रहरांनी, म्हणजे सहा तासांनी, तो धुऊन आवळ्याचा लेप लावायचा आणि पुन्हा दोन प्रहर थांबायचं. शेवटी लोखंडाचा आणि आंबटाचा वास जावा म्हणून सुगंधी द्रव्यांनी डोकं धुवायचं.

वराहमिहिर आपल्या चाळीसगाव तालुक्याला परका नाही. गिरणाकाठच्या बहाळ गावी शके ११४४ चा, म्हणजे इ. स. १२२२ चा शिलालेख आहे. पाटणच्या शिलालेखामुळे आपल्याला भास्कराचार्यांचं घराणं ठाऊक आहे. त्याच घराण्यातला अनंतदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर टीका लिहिल्याचं बहाळचा लेख सांगतो. अशा माणसाने ‘बृहत्संहिता’ही चाळली असणार आणि कलपाची ती कृतीही त्याच्या नजरेखालून गेली असणार, असं मला वाटतं.

या कृतीतलं रसायन आजही पटण्यासारखं आहे. आंबट द्रवात लोखंड थोडं थोडं विरघळतं, आवळ्यातल्या तुरट द्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई याच तत्त्वावर बनायची. म्हणजे त्या काळचा कलप आणि ही शाई यांचं गोत्र एकच. मात्र त्यासाठी सबंध दिवस डोक्याला पानं बांधून बसायची तयारी हवी.

फजितीही तेवढीच जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधला कवी ओव्हिड याने आपल्या प्रेयसीवर एक कविता लिहिली आहे. रंग लावू नकोस असं सांगूनही तिने ऐकलं नाही आणि तिचे सुंदर केस गळून गेले. आता जर्मनीतल्या युद्धकैदी स्त्रियांच्या केसांचा टोप घालावा लागणार, असा टोमणाही त्याने मारला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपात चांदीच्या क्षारांचे कलप निघाले. प्रकाश लागला की हे क्षार काळे पडतात. आपल्या गावचे थोर छायाचित्रकार केकी मूस ज्या कृष्णधवल छायाचित्रणात रमले, तेही चांदीच्या क्षारांच्या याच गुणावर उभं आहे. पण डोक्यावर हा प्रयोग केला की कपाळ आणि बोटंही काळी होत, आणि ते डाग लवकर जात नसत.

खरा बदल झाला तो डांबरापासून रंग बनू लागले तेव्हा. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांवर संशोधन करणाऱ्या हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये पॅराफेनिलीनडायअमीन या पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली. नाव लांबलचक असल्यामुळे सगळे त्याला पीपीडी म्हणतात. १८८३ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं केसांच्या रंगासाठी पेटंट घेतलं गेलं. १९०७ मध्ये यूजीन श्युलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये आपला कलप तयार केला आणि दोन वर्षांनी कंपनी काढली. तीच आजची लॉरियल. पीपीडीचा कण अगदी लहान असतो. तो केसात शिरतो, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्याचे मोठे रंगीत रेणू बनतात आणि ते आतच अडकून बसतात. म्हणून हा रंग धुतल्याने जात नाही. बारा तासांचं काम अर्ध्या तासात होऊ लागलं.

या सोयीला एक दुखरी बाजू आहे. माझ्या एका मावशींनी अनेक वर्षं घरीच कलप लावला, कधी काही झालं नाही. एका लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांनी तो नेहमीप्रमाणे लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे उघडेनात, कानामागून पाणी झरत होतं. “काय व्हयनं व माय?” म्हणत शेजारणी जमल्या. कोणी हळद सुचवली, कोणी लिंबू. शेवटी धुळ्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावं लागलं. लग्नाच्या फोटोंत मावशी नाहीत. “इतकी वर्षं लावते, मग आताच का?” हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं, की ही ॲलर्जी पहिल्या वेळेला दिसेलच असं नाही. शरीर त्या पदार्थाची ओळख ठेवतं आणि पुढे कधीतरी एकदम बंड करतं. काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनीही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २००६ मध्ये पीपीडीला ‘वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ’ ठरवलं होतं.

आता त्या बारीक ओळींकडे वळू. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या आणि भुवया रंगवण्यासाठी ‘लॅश लूर’ नावाचा रंग विकला जाई. त्यात पीपीडी होतं. ओहायो राज्यातल्या एका बाईंनी एका समारंभाला जाण्याआधी तो ब्यूटी पार्लरमध्ये लावून घेतला आणि त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्या एका स्त्रीचा तर जीव गेला. सरकारचे हात बांधलेले होते, कारण १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा उल्लेखच नव्हता. तेव्हा तिथल्या अन्न व औषध खात्याने अशा घातक वस्तूंचं एक प्रदर्शन मांडलं. त्यात त्या बाईंची आधीची आणि नंतरची छायाचित्रं होती. वर्तमानपत्रांनी त्याला ‘भयाचं दालन’ असं नाव दिलं. १९३८ मध्ये नवा कायदा आला. केसांच्या डांबरी रंगांना सवलत मिळाली, पण अट घातली गेली : आधी चाचणी करा आणि पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, असा इशारा छापलाच पाहिजे.

आपल्याकडे १९४० च्या औषधांच्या कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनं आली. पीपीडी असलेल्या कलपासाठी आपल्या नियमांत जो इशारा आहे, तो त्या अमेरिकन मजकुराशी जवळजवळ शब्दशः जुळतो. चाचणीची रीत इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांतही द्यावी, असंही नियम सांगतो. त्यातलं एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं : ही चाचणी प्रत्येक वेळी, दर वापराआधी करावी. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हातातल्या पुडीवरच होतं.

चाचणी सोपी आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा कालवलेला रंग लावून वाळू द्यायचा. नियमात चोवीस तास सांगितले आहेत. त्वचारोगतज्ज्ञ दोन दिवस थांबायला सांगतात. खाज, लाली, फोड आले तर तो रंग आपल्यासाठी नाही. ‘काळी मेंदी’ म्हटलं म्हणून गाफील राहू नये. मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी-तांबूसच असतो. पुडी अर्ध्या तासात काळंभोर करत असेल, तर त्यात बहुधा पीपीडी आहे. फजिती झालीच, तर भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने डोकं धुवावं, त्यावर लिंबू-हळद चोळू नये, दुसरा रंग चढवू नये. डोळे सुजले तर डॉक्टरांकडे जावं आणि श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठावं. पुडी मुलांच्या हाताला लागू देऊ नये. ती पोटात गेली तर काही तासांत गळा सुजून श्वास कोंडतो, जिवावर बेतू शकतं.

लग्नाची तारीख महिना-महिना आधी ठरते. आहेर, बस्ता, वाजंत्री यांची यादी होते. त्या यादीत कानामागच्या एका ठिपक्यासाठी दोन दिवस धरायला हरकत नसावी.