पोलिसांचे शिस्तभंगविषयक अभिलेख आणि आरोपीचा हक्क : कॅनडातील मॅकनील निर्णयाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अमली पदार्थांच्या अनेक खटल्यांत अटक करणारा पोलीस अधिकारी हाच मुख्य साक्षीदार असतो. मुद्देमाल कोठे व कसा सापडला, हे तोच सांगतो. त्यामुळे निकाल बव्हंशी त्याच्या विश्वासार्हतेवर अवलंबून राहतो. त्या अधिकाऱ्यावरच गैरवर्तनाचे आरोप असल्यास तत्संबंधीचे अभिलेख आरोपीस मिळावेत काय, या प्रश्नाचे उत्तर कॅनडात टप्प्याटप्प्याने घडत गेले.

पार्श्वभूमी :
डोनाल्ड मार्शल (कनिष्ठ) या मिकमॉ तरुणास १९७१ मध्ये खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप झाली. १९८३ मध्ये तो निर्दोष ठरला. बचाव पक्षापासून माहिती दडवली गेल्याने हा अन्याय घडण्यास हातभार लागला, हे चौकशी आयोगाने दाखवून दिले. त्यानंतर स्टिंचकोम्ब (१९९१) निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी पक्षाने आपल्याकडील सर्व संबद्ध माहिती आरोपीस द्यावी, असे बंधन घातले. त्रयस्थांकडील अभिलेखांसाठी ओ'कॉनर (१९९५) निर्णयाने वेगळी कार्यपद्धती घालून दिली. तीनुसार आरोपीने प्रथम अभिलेखांची संभाव्य संबद्धता दाखवावी लागते. मग न्यायालय ते तपासून निर्णय देते.

मॅकनील प्रकरण :
ऑन्टारिओ प्रांतातील मॅकनील हा अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत दोषी ठरला. शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी त्यास समजले की, अटक करणारा अधिकारीच अमली पदार्थांशी निगडित गैरवर्तनाबद्दल शिस्तभंगाच्या कारवाईस व फौजदारी आरोपांस सामोरा जात आहे. अपिलात नवा पुरावा मांडण्यासाठी त्याने ही कागदपत्रे मागितली. प्रांतिक अपील न्यायालयाने ती सादर करण्याचा आदेश दिला. पुढे अधिकाऱ्याने एका आरोपाची कबुली दिली आणि मॅकनीलची दोषसिद्धी रद्द झाली. त्याच्यापुरता वाद संपला, तरी प्रश्नाचे महत्त्व ओळखून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमित्र नेमून सुनावणी केली.

१६ जानेवारी २००९ रोजी न्यायमूर्ती लुईझ शॅरॉन यांनी एकमताचा निर्णय दिला. अधिकाऱ्याचे गंभीर गैरवर्तन त्याच तपासाशी संबंधित असेल, अथवा आरोपीविरुद्धच्या खटल्यावर त्याचा परिणाम संभवत असेल, तर ती माहिती पोलिसांनी स्वतःहून सरकारी वकिलास द्यावी. कुणकुण लागल्यास वकिलानेही वाजवी चौकशी करावी, असे त्यात म्हटले आहे. मात्र अधिकाऱ्याची प्रत्येक किरकोळ चूक आपोआप उघड करावी, असा याचा अर्थ नाही. उर्वरित अभिलेखांस ओ'कॉनर पद्धतीच लागू राहते.

निष्कर्ष :
जे कागद अस्तित्वात आहेत हेच आरोपीस ठाऊक नाही, ते तो मागणार कसे? मॅकनीलला ही माहिती दोषसिद्धीनंतर मिळाली. ती मिळाली नसती तर त्याची दोषसिद्धी कायम राहण्याचा धोका होता. शोध घेण्याचा भार आरोपीकडून राज्यसंस्थेकडे वळविणे, हेच या निर्णयाचे ऐतिहासिक महत्त्व होय.