एक शब्द, दोन चटण्या

मेयोनीज रशियात ऑलिव्हिए सॅलडमध्ये कालवतात. अमेरिकेत ते बहुधा सँडविचच्या ब्रेडला फासतात. नाव एक, काम वेगळं. आपल्याकडे 'चटणी' या शब्दाचं असंच झालं आहे.

पुण्याच्या ताटात चटणी डावीकडे, चमचाभर: ओल्या नारळाची, नाहीतर जवसाची. सातारा-सांगलीच्या खेड्यांत 'चटणी संपली' म्हटलं, तर घरातला कांदा-लसूण मसाला संपला! हे तोंडीलावणं नव्हे, वर्षाची बेगमी. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, कांदा, खोबरं, लसूण, धणे भाजून-तळून घ्यायचे, सगळं डंकावर कुटायचं आणि बरणीत दाबून भरायचं.

हा फरक आला कुठून? मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढे त्यांच्या व्यापारातून ती इकडे आली. मिऱ्यावरूनच तिचं नाव पडलं. पण देशावर मिरं विकत आणावं लागे, मिरची आपल्या रानात येते. संकेश्वर आणि ब्याडगी ही मिरचीची नावाजलेली गावं सांगलीच्या दक्षिणेलाच आहेत. इकडे माण, खटाव, आटपाडी, जत या भागात पावसाचा भरवसा नाही. ताजी भाजी रोज कुठली? चटणीवर तेल सोडलं, कांदा फोडला, की भाकरीचं जेवण झालं. तीच चटणी फोडणीत पडली की कालवण. म्हणजे पुण्यात जी भाजीच्या शेजारी बसते, ती इथे भाजीच्या जागी बसते.

इथली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, तेव्हा चटणीही गाठोड्यातून गेली. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांच्या कष्टावर कामगार जेवला. तरीही 'मराठी मसाला' म्हटलं की पुष्कळांना आधी कांदा-लसणाविना केलेला गोडा मसालाच आठवतो. आपण कोणाच्या स्वयंपाकघराला 'मराठी' म्हणतो, हा प्रश्न इथे आहे.

हा इतिहास दप्तरांत फारसा सापडायचा नाही. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारू या: वर्षाला मिरची किती लागायची? कुटायला कोण कोण बसायचं? आणि १९७२ च्या दुष्काळात बरणी किती महिने पुरली? उत्तरं लिहून ठेवू या. सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्यात.