नावांचे भाकीत आणि वर्धा

अमेरिकेत १८८० पासूनच्या जन्मांची नावे सरकारी यादीत सापडतात. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबर्सन यांनी २००० साली नावांच्या आवडीनिवडीवर एक ग्रंथच लिहिला. आवड सहसा एकाच दिशेने थोडीथोडी सरकत राहते, हे त्यांचे निरीक्षण भाकिताला अनुकूल आहे. आपल्याकडची साधने तुटपुंजी. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची नोंद नावाविनाही होते. मग शाळेचे दाखलखारीज आणि मतदारयादी यांवरच भागवावे लागते. साधने मिळाली तरी भाकीत साधेल काय? वर्ध्याचा इतिहास आम्हांस वेगळेच सुचवतो.

१९४० साली असा एखादा भाकीतकार सेवाग्रामी उतरला, असे समजू. ती तर नामांतरांची राजधानी! गावाचे मूळ नाव सेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होई, म्हणून त्याच वर्षी त्याचे सेवाग्राम झाले. मॅडलिन स्लेड यांच्या मीराबहन आणि विनायक नरहर भावे यांचे विनोबा गांधीजींनी आधीच केले होते. आपल्या पाहुण्याने वहीत 'विनोबा' हे उद्याचे नाव म्हणून टिपले असते, तर त्याला वेडगळ कोण म्हणाले असते? पण पाळण्यात ते नाव रुजले नाही. 'बा' हा प्रत्यय अडसर ठरला, असेही म्हणता येत नाही. ज्ञानोबा, विठोबा मराठी घरांत होतेच. पण त्या वळणाची नावे मागे पडत चालली होती. शिवाय आश्रमातले नाव हे जाणत्या माणसाने घेतलेले व्रत. ते बाळावर कोण लादणार?

खरी उलथापालथ झाली ती वर्ध्याहून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर, नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. तिची चाहूल मात्र बारशांत नव्हे, महाविद्यालयांच्या नावांत लागत होती. बाबासाहेबांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत काढलेले महाविद्यालय 'सिद्धार्थ', आणि १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) काढलेले पुढे 'मिलिंद' झाले. मिलिंद म्हणजे मिनँडर, भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा यवन राजा! धर्मांतरानंतर विदर्भातील बौद्ध घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा अशी नावे आली.

याला केवळ आवड म्हणणे आम्हांस पटत नाही. कचरू, दगडू, धोंडू ही नावे अनेक जातींत होती. मूल जगावे म्हणूनही ती ठेवीत. परंतु शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असे मनुस्मृतीने सांगून ठेवले होते, आणि ती १९२७ साली महाडला जाळली गेली होती. त्या पार्श्वभूमीवर मुलाला 'सिद्धार्थ' म्हणणे हा हक्क बजावणे होते. आवड हळूहळू सरकते; हक्क एका दिवसात बजावला जाऊ शकतो, आणि मागच्या पन्नास वर्षांच्या आलेखावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

गंमत अशी, की राहुल आणि मिलिंद सर्व जातींच्या मराठी घरांतही रूढ झाले. निव्वळ मोजणाऱ्याला या साऱ्यांची बेरीज म्हणजे लोकप्रियता वाटेल. वर्गात हजेरी घेणाऱ्यांना मात्र ठाऊक असते, की 'सिद्धार्थ' हे नाव ऐकल्यावर पुढच्या आडनावासाठी टवकारणारे कान अजून आहेत.